मायक्रोफिल्मची २२ रिळं: स्कॅन झालंय, मग ठेवायची की भंगारात द्यायची?

कार्यवाह_कोकण

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाचा मानद कार्यवाह आहे (मानद म्हणजे पगार शून्य, शिव्या पूर्ण). आमच्याकडे एका लोखंडी कपाटात मायक्रोफिल्मची (म्हणजे पानांचे अगदी लहान केलेले फोटो असलेली फिल्म) २२ रिळं आहेत, ३५ मिमीची. गावातून पूर्वी एक आठ पानी साप्ताहिक निघायचं, त्याचे १९२६ ते १९६२ चे अंक त्यावर आहेत. १९८३ साली कुठल्याशा योजनेत ही फिल्म काढून मिळाली होती. मूळ कागद तेव्हाच हात लावला की तुकडे पडायचे म्हणे, नंतर थोडे वाळवीने नेले आणि उरलेला गठ्ठा त्या वेळच्या कमिटीने रद्दीत घातला, का ते विचारू नका, विचारायला कुणी राहिलेलं नाही. रिळं बघायचं एक रीडर मशीन पण होतं, त्याचा बल्ब २००४ च्या सुमारास गेला तो परत मिळालाच नाही, आता त्या मशीनवर पाण्याचा माठ आहे.

सहा वर्षांपूर्वी देणग्या गोळा करून एका स्कॅनिंगवाल्याकडून रिळांवरून पीडीएफ करून घेतले. १४ डीव्हीडी दिल्या त्याने. त्यातल्या दोन आता उघडत नाहीत, पण नशिबाने सगळं आधीच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कॉपी केलं होतं. पीडीएफ लोकांना आवडतात, एमए-पीएचडीवाली पोरं पेन ड्राईव्ह घेऊन येतात आणि दहा मिनिटांत जातात, रीळ बघायला गेल्या १५ वर्षांत कुणीही आलेलं नाही.

आता खजिनदारांचं म्हणणं, स्कॅन झालं ना, मग कपाट कशाला अडवून ठेवायचं. जुन्या एक्स-रे फिल्म किलोवर घेणारा एक माणूस गावात येतो, त्यातून चांदी काढतात, त्याने भाव पण सांगितलाय. महिनाअखेरच्या कार्यकारिणीत विषय ठेवलाय. माझं मन होत नाहीये पण 'मन होत नाही' हे इतिवृत्तात कसं लिहू? मुद्दा काय मांडायचा ते सांगा. म्हणजे पीडीएफ असताना मायक्रोफिल्मचं नक्की काम काय उरतं? की खजिनदारच बरोबर आहेत?

अजून एक, कपाट उघडलं की आंबट वास येतो, लोणच्याची बरणी उघडल्यासारखा. आमच्या ग्रंथपाल ताई त्या वासामुळे कपाटाला हातच लावत नाहीत.

बॅकअप_बंड्या

मी सर्व्हर आणि स्टोरेजवाला माणूस, त्यामुळे स्पष्ट लिहितो, राग मानू नका. जी गोष्ट १५ वर्षांत कुणी उघडली नाही आणि जी बघायचं मशीन माठाखाली आहे ती असून नसून सारखीच. तुमचा खरा प्रॉब्लेम रिळं नाहीचे, तुमचा प्रॉब्लेम हा आहे की ३७ वर्षांचं साप्ताहिक आज एका ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या एका हार्ड डिस्कवर उभं आहे. तो कॉम्प्युटर उद्या विजेच्या झटक्याने गेला की संपलं.

आज रात्रीच करा: दोन बाहेरच्या डिस्क घ्या, वेगवेगळ्या कंपनीच्या, दोन्हीवर कॉपी, एक डिस्क गावाबाहेर कुणाच्या तरी घरी. तिसरी कॉपी क्लाउडवर. प्रत्येक फाईलचा चेकसम (फाईलच्या मजकुरावरून निघणारा आकडा, फाईल जरा बदलली तरी तो बदलतो) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा ताडून बघा. तीन कॉप्या, दोन प्रकारच्या जागा, एक गावाबाहेर, एवढं साधं आहे. डीव्हीडी विसरा, त्या कोकणाच्या हवेत टिकत नाहीत.

आणि 'डिजिटल टिकत नाही' म्हणून डूम्सडेचं उदाहरण कुणीतरी देणारच, तर मीच देऊन टाकतो. इंग्लंडात १०८६ सालचं डूम्सडे बुक (राजाने करवलेली जमीन-मालमत्तेची नोंदवही) आजही वाचता येतं आणि बीबीसीने त्याच्या ९०० व्या वर्षी, १९८६ ला, लेझर डिस्कवर जो नवा डूम्सडे केला तो पंधरा-सोळा वर्षांत वाचायची मारामार झाली. खरंय. पण तो डेटा नंतर लोकांनी बाहेर काढला आणि त्यातला धडा 'फिल्म वापरा' हा नाही, 'वेळेवर नव्या फॉरमॅटवर हलवा' हा आहे.

चांदीचे पैसे आले तर डिस्क त्यातच येतील :)

डार्करूमवाले_काका

कार्यवाह साहेब, रिळं देऊ नका. निदान मी काय लिहितो ते वाचून, तपासून मग काय ते ठरवा.

मी सरकारी खात्यात मायक्रोफिल्म कॅमेऱ्यावर २६ वर्षं काढली, प्लॅनेटरी कॅमेरा म्हणतात त्याला, खाली टेबलावर कागद, वर खांबावर कॅमेरा, बाजूला चार दिवे आणि उन्हाळ्यात त्या दिव्यांखाली आपण. दिवसाला दोन-दोन रिळं काढलीयत. त्यामुळे लांबलं तर आपलं म्हाताऱ्याचं म्हणून सोडून द्या.

पहिलं त्या वासाचं. तो वास म्हणजे फिल्मचा बेस, खालची प्लास्टिकची पट्टी, कुजतोय. जुनी फिल्म ॲसिटेटच्या बेसवर असायची, दमट आणि गरम हवेत त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, म्हणजे शिरकाच, म्हणून त्याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. वाईट भाग असा की सुटलेलं ॲसिडच पुढची कुज वाढवतं आणि शेजारच्या चांगल्या रिळालाही लागतं, आंब्याच्या अढीतला एक नासका आंबा समजा. २१ अंश आणि ५० टक्के दमटपणा असलेल्या खोलीतसुद्धा नव्या ॲसिटेट फिल्मला साधारण ४० वर्षांत हा रोग धरतो असा हिशोब आहे, तुमच्या गावचा जून-जुलै त्यात धरलेला नाही. पुढे फिल्म आकसते, कडा लाटांसारख्या होतात आणि शेवटी वरचं जिलेटिन, ज्यात चित्र असतं तो थर, सुटून येतं, मग काही करता येत नाही.

पण २२ च्या २२ ॲसिटेट असतील असं नाही. त्या काळात दोन्ही फिल्म मिळायच्या, ॲसिटेट आणि पॉलिएस्टर. ओळखायचं कसं, तर रीळ डब्यातून काढा, ट्यूबलाईटसमोर आडवं धरा आणि कडेकडून बघा, म्हणजे गुंडाळीच्या थरांतून. पॉलिएस्टर असेल तर उजेड आरपार झिरपताना दिसतो, ॲसिटेट असेल तर काळोख. अजून खात्री हवी तर सुरुवातीला जो कोरा तुकडा असतो तो हाताने फाडून बघा, ॲसिटेट फाटतं, पॉलिएस्टर ओढलं तर बोट कापेल पण फाटणार नाही. फक्त कोराच तुकडा हां!

पॉलिएस्टरवरची सिल्व्हर फिल्म (जिच्यात चित्र चांदीचं असतं ती), नीट धुतलेली आणि थंड कोरड्या जागी ठेवलेली, तिला जागतिक मानकात ५०० वर्षं धरलीयत. नीट धुतलेली हे महत्त्वाचं. फिक्सरमधला, म्हणजे चित्र पक्कं करायच्या द्रावणातला, हायपो फिल्मवर राहिला की काही वर्षांनी अक्षरं पिवळी पडून उडतात, आम्ही प्रत्येक बॅचचा तुकडा केमिकल टाकून तपासायचो आणि साहेबाची सही घ्यायचो.

आत्ता काय करायचं ते सांगतो. वासाची रिळं वेगळी काढा, वेगळ्या खोलीत. रिळांभोवती रबरबँड असतील तर काढा, रबरातलं गंधक चांदी खातं. कपाटात डांबरगोळ्या असतील तर काढा. नवीन रंग दिलेल्या खोलीत ठेवू नका, ओल्या रंगाच्या वाफेने फिल्मवर बारीक लाल ठिपके येतात. पत्र्याचे डबे गंजले असतील तर बदला. बोटांचे ठसे पडू देऊ नका, सुती हातमोजे घाला. एवढंच, याला पैसे लागत नाहीत.

आणि त्या भंगारवाल्याला सांगा की एक रीळ म्हणजे १०० फूट, जेमतेम एक चौरस मीटर फिल्म. २२ रिळांच्या चांदीत तुमच्या खजिनदारांच्या नातवाचे पैंजणही व्हायचे नाहीत.

बंड्यासाहेब, तुमचं मशीन बंद म्हणून फिल्म निरुपयोगी हे मात्र पटलं नाही. फिल्म वाचायला उजेड आणि भिंग पुरतं. वर्तमानपत्र आम्ही १५ ते २० पट लहान करायचो, घड्याळजीचं चांगलं भिंग लावलं तर खिडकीत उभं राहून मथळे वाचता येतात. तुमची डिस्क खिडकीत धरून बघा एकदा.

भटकी_संशोधक

काकांना दंडवत. मी पीएचडीच्या निमित्ताने वसाहतकाळातली मराठी वृत्तपत्रं वाचते, त्यामुळे आयुष्यातली दोनेक वर्षं मायक्रोफिल्मच्या रीडरसमोर मान वाकडी करून गेलीयत, दिल्लीला तीन मूर्तीच्या ग्रंथालयात आणि नंतर शिकागोला. काळ्यावर पांढरी अक्षरं बघून बघून रात्री झोपेत पण निगेटिव्ह दिसायचं. तरी सांगते, टाकू नका.

कार्यवाह, तुम्ही आधी एक तपासा. प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला फोटो काढलेल्या पाट्या असतात, त्यांना टार्गेट म्हणतात. त्यावर वृत्तपत्राचं नाव, तारखा, किती पट लहान केलं, फिल्म कुणी काढली, कधी काढली हे असतं. आणि मधे मधे पाट्या असतात, 'अमुक अंक उपलब्ध नाही', 'पान ३ फाटलेले', 'अंक प्रसिद्ध झाला नाही'. संशोधकासाठी ही पाटी सोन्याची असते. स्कॅनिंगवाले नेमकं हेच उडवतात, कारण त्यांना ते कोरं पान वाटतं आणि पैसे पानामागे असतात. मग पीडीएफमध्ये दोन महिने गायब दिसतात आणि अंक निघाला नव्हता की हरवला होता की स्कॅन करताना सुटला, हे कळायला काही मार्गच राहत नाही.

दुसरं, तुमच्या पीडीएफमधलं पान काळं-पांढरं आहे की त्यात राखाडी छटा आहेत ते झूम करून बघा. स्वस्तात स्कॅन करताना प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा असं करतात. इंग्रजीला ते चालून जातं, आपल्या देवनागरीची वाट लागते. अनुस्वार उडतो, रफार उडतो, 'बंद' चं 'बद' होतं आणि 'वर्ग' चं 'वग'. मी एका लेखात 'सभा तहकूब' की 'संभा तहकूब' यावर अर्धा दिवस घालवलाय, संभा नावाचा इसम तहकूब कसा होईल या विचारात.

तिसरं, तुमच्याकडची रिळं मास्टर आहेत की वापरायची प्रत? नियमाने कॅमेऱ्यातून निघालेली निगेटिव्ह कुणाला हाताळायला देत नाहीत, तिच्यावरून दुसरी काढून ती वाचकांना देतात. टार्गेटवर ज्या संस्थेचं नाव असेल तिथे पत्र पाठवा, मास्टर तिथे असू शकते. भारतातली बरीच वृत्तपत्रं अशी बाहेर पण आहेत, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत ऑफिस आहे १९६२ पासून, आणि शिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजमध्ये दक्षिण आशियाच्या मायक्रोफिल्मचा एक सामाईक प्रकल्प १९६७ पासून चालू आहे. त्यांच्या याद्या नेटवर आहेत, तुमचं साप्ताहिक त्यात शोधा. कुठेच नसेल तर तुमच्या कपाटात जगातली एकमेव प्रत आहे हे कार्यकारिणीत सांगा, खजिनदार पण जरा ताठ बसतील.

'स्कॅन झालं आता रीळ कशाला' हा प्रश्न मोठ्या संस्थांपुढेही आला होता. अमेरिकेत यूटामध्ये मॉर्मन चर्चच्या वंशावळीच्या नोंदी आहेत, साधारण २४ लाख रिळं. २०१७ ला त्यांनी रिळं वाचकांना पाठवणं बंद केलं, २०२१ ला सगळी स्कॅन करून झाली. पण डोंगर खोदून केलेल्या ग्रॅनाईटच्या तिजोरीतली मूळ रिळं त्यांनी भंगारात नाही काढली. जर्मनीत फ्रायबुर्गजवळ एका जुन्या खाणीत १९७५ पासून स्टीलच्या पिंपांत मायक्रोफिल्म भरून ठेवतायत. मार्च २००९ ला कोलोन शहराचं अर्काइव्ह मेट्रोच्या खोदकामाने अख्खं कोसळलं तेव्हा तिथल्या बऱ्याच जुन्या कागदांच्या फिल्म त्या खाणीत सापडल्या. आणि नेपाळमध्ये १९७० पासून जर्मनांच्या मदतीने दीडेक लाखाच्या वर हस्तलिखितं फिल्मवर घेतली, ती आज लोक ऑनलाईन मागवतात ते त्या फिल्मवरूनच स्कॅन केलेली.

म्हणजे बघा, वाचायला पीडीएफ, पण पीडीएफ चुकलं तर परत जायला फिल्म. तुमच्याकडे तर मूळ कागद नाहीच, त्यामुळे तुमच्यासाठी ही फिल्म म्हणजेच आता मूळ.

तिरका_बाण

१८७०-७१ ला पॅरिसला वेढा पडला होता तेव्हा कबुतरांच्या शेपटीला मायक्रोफिल्म बांधून टपाल शहरात आणायचे. बंड्या, तुझ्या क्लाउडला कबुतराने काही केलं तर नाही ना आत्तापर्यंत?

बॅकअप_बंड्या

@तिरका_बाण कबुतरांनी माझ्या एसीच्या आउटडोअर युनिटला जे केलंय त्यावर वेगळा धागा काढेन.

@भटकी_संशोधक ताई, टार्गेटचा आणि अनुस्वाराचा मुद्दा मान्य, ते माहीतच नव्हतं. म्हणजे स्कॅन झालं हे म्हणायच्या आधी स्कॅन तपासलं का हा प्रश्न आहे, आणि तो आमच्याकडे पण असतोच, बॅकअप घेतला म्हणणाऱ्यातल्या निम्म्या लोकांनी रिस्टोअर कधी करून बघितलेलं नसतं.

पण एक सांगतो, फिल्म विरुद्ध डिजिटल असं भांडण लावून उपयोग नाही. सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली, सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ज्या ड्राईव्हवर होत्या तो ८५८ टीबीचा ड्राईव्ह जळाला आणि त्याचा बाहेर बॅकअपच नव्हता. आता हे डिजिटलचं अपयश की एकाच ठिकाणी सगळं ठेवायचं? २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा कागदाच्या फायली जळाल्या, त्यातल्या कित्येकांचीही दुसरी प्रत नव्हती. मग कोकणात एका कपाटात एकच रीळ, ते पण नासतंय, हे त्याच जातीचं नाही का? काका म्हणतात ५०० वर्षं, पण ती ५०० वर्षं कुठल्या कपाटात ते बघा की.

तरी काकांच्या एका गोष्टीला माझ्याकडे उत्तर नाही. फिल्म मरताना वास येतो, कडा वाकतात, अनेक वर्षं आधी कळतं. डिस्क आदल्या दिवशी ठणठणीत असते. टेपचं पण तेच, एलटीओ म्हणजे बॅकअपच्या टेपची एक जात, आकडा पिढीचा, तर एलटीओ-८ च्या ड्राईव्हला एलटीओ-६ ची टेप वाचताच येत नाही, टेप चांगली असली तरी. आणि रॅन्समवेअर, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस! ऑक्टोबर २०२३ ला ब्रिटिश लायब्ररीवर हल्ला झाला तर त्यांचा कॅटलॉग अडीच-तीन महिने बंद होता. कपाटातलं रीळ हॅक करायला चोराला चिपळूणचा घाट उतरून यावं लागेल, हे मान्य :)

आमच्याच जातवाल्यांनी २०२० ला गिटहबवरचा (प्रोग्रामर लोकांची कोड ठेवायची साईट) चालू खुला कोड फिल्मवर छापून, २१ टीबी, १८६ रिळं, उत्तर ध्रुवाकडे स्वालबार्डच्या खाणीत नेऊन ठेवला. तेव्हा मी हसलो होतो. आता तेवढं हसू येत नाही.

पासबुक_पाटील

बँकेतून रिटायर झालोय, ३४ वर्षं. आमच्याकडे चेक १६ मिमी फिल्मवर घ्यायचे. मुळात हा धंदाच बँकेमुळे वाढला, १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका बँकवाल्याने चेकचे फोटो काढायचं यंत्र केलं आणि १९२८ ला कोडॅकने ते रेकॉर्डॅक नावाने बाजारात आणलं.

कायद्याचं थोडं सांगतो, मी वकील नाही. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट १८९१ मध्ये बँकेची वही कशाला म्हणायचं त्या व्याख्येत आता मायक्रोफिल्म हा शब्द स्पष्ट आहे, मॅग्नेटिक टेप वगैरेच्या जोडीला. कस्टम्स कायद्यात पण कलम १३८सी मायक्रोफिल्मवरच्या पुराव्याचंच आहे, कॉम्प्युटर प्रिंटआउटच्या बरोबरीने. आणि कॉम्प्युटरमधलं काही कोर्टात द्यायचं तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, त्यात सर्टिफिकेट जोडायचं आणि त्या सर्टिफिकेटमध्ये फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची. बंड्या जो चेकसम म्हणतोय तेच ते. साप्ताहिकात जमिनीच्या जाहीर नोटिसा असतात, त्यासाठी कुणीतरी वकील एक ना एक दिवस वाचनालयात येतो, आमच्या गावी आलेला आहे. तेव्हा चेकसम काढून वहीत तारीख घालून सही करून ठेवा, फुकटचं काम आहे.

डार्करूमवाले_काका

बंड्यासाहेब, कपाटाचं म्हणालात ते शंभर टक्के खरं. आमच्या खात्यात नवीन कॉम्प्युटर आले तेव्हा फिल्मचा एसी पहिल्यांदा बंद केला आणि तो एसी सर्व्हरच्या खोलीत नेला. दोन पावसाळ्यात बुरशी. फिल्मवरचं जिलेटिन म्हणजे प्राण्याच्या हाडाकातड्याचं, बुरशीला ते जेवणच. म्हणजे मी तुम्हाला भिंग दाखवून ऐट करतो पण फिल्मलाही माणूस लागतो. फक्त दोन-चार वर्षं माणूस विसरला तर ती थांबते, तुमची डिस्क थांबत नाही.

वासाच्या रिळांना एक उपाय राहिला लिहायचा. थंडीत कुज मंदावते. दोन झिपच्या पिशव्यांत एकात एक घालून, हवा काढून, फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर दव धरेल. पण फ्रीज वेगळा हवा, दूध-भाज्यांचा नको, उघडझाप फार होते.

कार्यवाह_कोकण

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय कारण गेले आठ दिवस ग्रंथपाल ताई, मी आणि माझा पुतण्या रोज संध्याकाळी रिळंच बघतोय.

काकांची ट्यूबलाईटची टेस्ट केली. १७ रिळांतून उजेड झिरपतो, म्हणजे पॉलिएस्टर. पाचातून नाही. त्या पाचातल्या तिघांना वास आहे, एकाच्या कडा लाटांसारख्या झाल्यायत अगदी काकांनी लिहिलंय तसं. रबरबँड १९ रिळांवर निघाले, काही तर वितळून चिकटलेले. डांबरगोळ्या पण होत्या, डबाभर, कुणी ठेवल्या देव जाणे.

माठ उतरवला. मशीनचा बल्ब नाही पण पुतण्याने मोबाईलचा टॉर्च आणि दुकानातलं भिंग घेऊन पहिलं टार्गेट वाचलं. फिल्म काढणाऱ्या संस्थेचं नाव मिळालंय, पत्र कालच टाकलं. संशोधक ताईंनी दिलेल्या ठिकाणच्या याद्या बघितल्या, आमचं साप्ताहिक दिसलं नाही.

आता गंमत ऐका. पीडीएफमध्ये १९४२ च्या ऑगस्टनंतर एकदम डिसेंबर आहे. आम्ही गेली सहा वर्षं त्या स्कॅनिंगवाल्याच्या नावाने बोटं मोडत होतो की तीन महिने खाल्ले याने. रीळ बघितलं तर तिथे पाटी आहे, अंक प्रसिद्ध झाले नाहीत. म्हणजे बेचाळीसच्या धरपकडीत छापखाना बंद असणार. आमच्या गावच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेत आम्हीच छापलंय की हे अंक 'गहाळ' आहेत!

आणि उलट पण निघालं. १ मे १९६० चा महाराष्ट्र राज्य स्थापनेचा विशेषांक पीडीएफमध्ये आहे असं आम्ही सगळ्यांना सांगायचो, उघडून बघितला तर आठापैकी सहा पानं नुसता काळा ठोकळा. बहुतेक रंगीत कागदावर छापला होता. फिल्मवर भिंगाने अक्षरं वाचता येतायत, आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांचा लेख आहे त्यात. आणि ते रीळ त्या तीन वासाच्या रिळांपैकीच आहे.

कार्यकारिणी झाली. मी फक्त हे दोन किस्से सांगितले आणि भिंग फिरवलं. खजिनदारांनी १९५१ चं रीळ मागून घेतलं, त्यात त्यांच्या वडिलांच्या दुकानाची जाहिरात आहे का बघायला, सापडली नाही अजून पण विषय रद्द झाला. डिस्क दोन मंजूर. फ्रीज नामंजूर, पण एका सभासदांनी जुना देतो म्हटलंय. पुन्हा स्कॅन करायला मात्र पैसे नाहीत, पुण्या-मुंबईचा रेट ऐकून सगळे गप्प झाले. त्या तीन रिळांचं तरी काही करता येईल का?

बॅकअप_बंड्या

येईल, आणि घरच्या घरी. फोटोग्राफर जुन्या निगेटिव्हचे करतात तसंच. खाली सारखा उजेड देणारं लाईट पॅड, वर स्टँडला उलटा लावलेला चांगला कॅमेरा, मॅक्रो लेन्स, आणि फिल्म सपाट दाबायला मधे खाच असलेली पट्टी. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लांब बाजूला ६००० पिक्सेल मिळतात, तुमच्या साप्ताहिकाचं पान वर्तमानपत्राच्या पूर्ण आकाराचं, म्हणजे ५८ सेंमी उंच धरलं तरी इंचाला २६० च्या आसपास पडतं, अनुस्वार वाचेल एवढं. राखाडी छटांतच ठेवा, काळं-पांढरं करू नका. टार्गेटसकट सगळ्या फ्रेम घ्या, कोऱ्या वाटल्या तरी.

जागेची काळजी नको. रिळाला ७०० फ्रेम धरल्या तर २२ रिळांच्या १५,४०० होतात, फ्रेमला २४ एमबी म्हणजे सगळं मिळून पावणेचारशे जीबीच्या आत, ज्या डिस्क मंजूर झाल्यायत त्यातच बसेल. पण आधी ती तीन रिळं. आकसलेलं रीळ जोरात उलगडू नका. आणि हे झाल्यावर पण रिळं टाकू नका, हे मी लिहितोय याची नोंद घ्या.

डार्करूमवाले_काका

नोंद घेतली. लाटा आलेलं रीळ मी असल्याशिवाय उघडू नका. माझी मुलगी रत्नागिरीला असते, पुढच्या आठवड्यात तिकडे येतोच आहे. हातमोजे आणि रिवाइंडर माझे घेऊन येतो, कॅमेरा मात्र कुणीतरी बघा.

भटकी_संशोधक

कॅमेरा आणि १०० मिमीची मॅक्रो माझ्याकडे आहे. शनिवारी येते. कार्यवाह, मला सगळ्यात आधी १९४२ च्या त्या पाटीचा फोटो हवाय, आणि स्मरणिकेतलं ते 'गहाळ' वालं पान पण काढून ठेवा.

कार्यवाह_कोकण

या, या. राहायची सोय वाचनालयाच्या वरच्या खोलीत होईल, पंखा आहे. काका, तुम्हाला घ्यायला स्टँडवर पुतण्याला पाठवतो.